लहान पातेलं

तमन्नाच्या डब्यातली बटाट्याची फोड राजेश्वरीने चुकून उचलली आणि तोंडात टाकली, तेव्हा दुपारचा सव्वा वाजला होता. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, पाण्याच्या नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्या खोक्यांत भरून ठेवलेल्या असत तिथे, दोघी रोज डबा खात. तमन्ना दोन डबे आणायची. एक स्वतःचा आणि एक लहान, राजेश्वरीसाठी. त्यात कधी वांगं, कधी दोडका, कधी नुसती लसणाची चटणी. तीन वर्षं हा नेम चालला होता. त्या बुधवारी दोन्ही डब्यांत बटाटा होता, दोन्ही रस्से सारखेच काळपट लाल होते आणि राजेश्वरी हातातल्या भाकरीकडे न बघता मनमाड रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीकडे बघत होती. एसटीच्या कपाळावर अहिल्यानगर लिहिलेलं होतं आणि दारात उभा राहून कंडक्टर नगर, नगर असं ओरडत होता. तेवढ्यात तमन्ना म्हणाली, "अगं ए, थांब. ते मटणातलंय." पण फोड जिभेवर फुटून गेली होती. राजेश्वरी थांबली खरी, पण किळस येऊन नव्हे. ती चव तिच्या ओळखीची होती. आठव्या वर्षापासून, म्हणजे वीस वर्षं, तिने मटणाला बोट लावलं नव्हतं, आणि तरी ही चव तिला पाठ होती. गेले कित्येक महिने ती हीच शोधत होती.

"थुंक ना. बेसिन तिकडंय," तमन्ना म्हणाली.

"नको. गिळलं."

"घ्या. आता तुझ्या अण्णांना काय तोंड दाखवू? मुलगी बाटवली म्हणतील."

"माळ त्यांच्या गळ्यात आहे. माझ्या नाही."

"मग इतकी वर्षं घासफूस कोणाच्या नावानं खातेस?"

राजेश्वरीने डब्यात वाकून पाहिलं. तिने विचारलं, "हा बटाटा वेगळा शिजवलेला की मटणातच?" मटणातच, तमन्ना म्हणाली, अम्मी अगदी शेवटी टाकते, पाहुणे वाढले की बटाटा वाढतो. "उरलाय का अजून?" तमन्नाने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं, मग हसत झाकण लावून अख्खा डबाच तिच्यापुढे सरकवला. "घरी जाऊन आरामात खा. पण वेगळं भांडं घे हां. अण्णांच्या भांड्याला हा चमचा लावू नकोस. उगाच त्या माणसाच्या आणि त्याच्या देवाच्या मधे मी कशाला येऊ?" तिने ते सहज, तोंडात घास असतानाच म्हटलं. आणि राजेश्वरीला एकदम आठवलं, की आपल्यासाठी येणारा तो लहान डबा तमन्नाची अम्मी सकाळी सगळ्यात आधी भरते. मटणाचं पातेलं चढवायच्या आधी, हात धुऊन. हे तिला कधीतरी सांगितलं गेलं होतं आणि ती ते विसरूनही गेली होती.

दुपारभर ती पाण्यातला क्लोराईड मोजत राहिली. ब्युरेटमधून थेंब पडत होते, पिवळ्या पाण्याला विटकरी झाक आली की थांबायचं, आकडा लिहायचा, पुढची बाटली घ्यायची. हात आपलं काम करत होते आणि मन तिसगावच्या अलीकडच्या वस्तीवर, आईच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलं होतं. रविवार. ओट्यावर दोन पातेली. मोठं पितळी, त्यात मटण. लहान जर्मनचं, बुडाला काळं आणि काठावर एके ठिकाणी चेपलेलं, त्यात अण्णांसाठी बटाटा. वाटण एकच, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण, वरून मुठीच्या अंदाजाने येसूर, म्हणजे बाजरी नि मसाले भाजून दळलेलं ते पीठ, ज्याने रश्शाला अंग येतं. पाट्यावर वाटणाचा गोळा झाला की आई त्याचे दोन भाग करी आणि तिथून पुढे दोन्ही पातेल्यांची सोयरीक तुटे. पळ्याही दोन. लहान पातेल्याच्या पळीच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला. एकदा राजेश्वरीने घाईत मोठ्या पातेल्याची पळी लहानात घातली, तर आईने तिच्या मनगटावर सांडशीच मारली होती. "कळत न्हाई का? त्येंची माळ हाय." मनगटावर दोन दिवस वळ होता. आईने मारलं असं तेवढं एकदाच.

ती माळ गळ्यात आली तेव्हा राजेश्वरी सहा वर्षांची होती. त्याआधीचे अण्णा तिला फार आठवत नाहीत, आठवतो तो त्यांच्या शर्टाचा वास आणि रात्री दाराशी आपटणारी मोटारसायकल. शुगर फॅक्टरीच्या काट्यावर कामाला होते, तिथल्या मंडळींत बसायचे. एका हंगामात ते उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता वाचले, आणि त्या वर्षीच्या सप्त्यात महाराजांसमोर बसून त्यांनी माळ घालून घेतली. दारू गेली, तिच्यामागून मटण गेलं. आई म्हणे, मटण गेलं तर जाऊ दे, मानूस घरात आला. सुनीलला, राजेश्वरीच्या थोरल्या भावाला, बापाचा हा नवा अवतार कधी पटला नाही. तो मोठ्या पातेल्याजवळ आईला चिकटून बसायचा. राजेश्वरी मात्र आठव्या वर्षी एका रविवारी आपली ताटली उचलून अण्णांच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, मला पण ह्यातलंच. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. त्या हाताचं वजन तिला अजून सांगता येईल. त्या दिवसापासून घरात दोन पंगती झाल्या. एक लहान पातेल्याची, बापलेकीची, आणि एक मोठ्या पातेल्याची. आई सगळ्यांना वाढून झाल्यावर मोठ्यातलं घेऊन चुलीकडे तोंड करून जेवायची. राजेश्वरीला वाटायचं, आई त्यांच्यातली आहे, आपल्यातली नाही. पुढे बी.एस्सी.ला, एम.एस्सी.ला गेल्यावर देव मागे पडला, पण पातेलं सुटलं नाही. मटण का खात नाही याला तिच्यापाशी धड कारणच नव्हतं. अण्णांच्या शेजारची जागा सोडवत नव्हती, इतकंच.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला अण्णांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि सुनील चाकणला तिसऱ्या मजल्यावर राहतो म्हणून राजेश्वरी त्यांना सावेडीतल्या आपल्या दोन खोल्यांत घेऊन आली. ऑपरेशन नीट झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आता फक्त खाल्लं पाहिजे. अण्णा खात नव्हते. नाही म्हणत नसत. पानावर बसत, भाकरी मोडत, दोन घास घेत, आणि मग पाण्याचा तांब्या जवळ ओढत, की समजायचं, संपलं. वजन सत्तेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. दर गुरुवारी ती मोजायची. एकदाच ते म्हणाले होते, तेही तक्रार म्हणून नाही, "आयतवारचं ते बटाट्याचं कालवन हुतं ना, त्याच्यावर तीन भाकरी जायच्या." बस. राजेश्वरीने त्या आठवड्यात शंभर पानी वही आणली.

वहीत अकरा चाचण्या होत्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. आधी बटाटा बदलून पाहिला. चितळे रोडवरून नवा, जुना, पांढऱ्या सालीचा, मातीतला लालसर. मग फोडी. आई सालासकट उभ्या चार करायची, साल असली की फोड शिजूनही उभी राहते, तशा केल्या. खोबरं निखाऱ्यावर भाजलं. तिसगावहून येसूर मागवला, मावशीच्या हातचा. वाटण मिक्सरऐवजी खलबत्त्यात कुटलं. जर्मनचं पातेलं गावाहून आणलं, तेच, चेपलेलं. पाण्याचाही संशय घेतला. वस्तीवरच्या बोअरचं पाणी जड, नगरचं हलकं, म्हणून एका रविवारी पाच लिटरचा कॅन भरून आणला आणि त्या पाण्यात शिजवलं. शेरे सगळीकडे सारखे. 'रंग तोच. वास बराचसा तोच. अण्णा: दीड भाकरी.' 'अण्णा: एक.' 'अण्णा: पाऊण. म्हणाले, चांगलं झालंय.' चांगलं झालंय हे वाक्य तिला सगळ्यात जास्त लागायचं. मग तिने ठरवून टाकलं होतं, की उरलेली गोष्ट म्हणजे आईचा हात, आणि ती वहीत मावणारी नाही. आता ब्युरेटच्या काचेवर डोळा लावून ती विचार करत होती, की हात वगैरे काही नसतं. काहीतरी असतं आणि ते आपण घातलेलं नसतं.

साडेपाचला सुटल्यावर तिने स्कूटी लगेच सुरू केली नाही. गेटबाहेरच्या कडुलिंबाखाली उभी राहून तिने भागूबाई मावशीला फोन लावला. मावशी आईहून दोन वर्षांनी मोठी, तिसगावात राहायची.

"मावशी, अण्णांच्या पातेल्यात आई काय घालायची?"

"काय घालनार बाई. मसाला, येसूर. तुला दिलाय की डबा भरून."

"ते सोडून."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. मावशी म्हणाली, "तुला कोन म्हनलं?"

"कुणी नाही. आज दुसरीकडं तीच चव लागली."

"कुटं?"

"मटणात."

"हां," मावशी म्हणाली. मग कोंबड्यांचा आवाज लांब गेला. ती उठून आत गेली असावी. "व्हय. पळीभर रस्सा घालायची. त्याला टीबी झाल्ता बघ, तू चौथी-पाचवीला असशील. नुस्ता सापळा हुता. डाक्टर म्हनला, मटनाचं पानी द्या, अंडी द्या. ह्यो बाबा आयकतो व्हय. म्हनला, माळ काडायच्या आधी मला जाळा. तवा मीच तुज्या आईला म्हनलं, राही, जेवाय वाडताना पळीभर टाक वरनं, सांगू नको. देव काय पातेल्यात डोकावतोय."

"टीबी तर वर्षात बरा झाला."

"बरा झाला. मंग तिनं बंद केलं. एक आयतवार. तर ह्यो म्हनला, आज कालवनात काय न्हाई. अर्ध्या भाकरीवं उटला. दुसऱ्या आयतवारी बी तसंच. मंग परत सुरू केलं, ते केलंच. काय करनार, सांग. त्येला वाटायचं माळ घातल्यापास्नं अन्न गोड लागतंय." मावशी हसली, आणि हसू अर्ध्यावर थांबलं. "लई लागायचं पन तिला. सोमवार उगं धरला हुता का तिनं? पाप माजं हाय म्हनायची, त्येचं न्हाई."

"मी पण तेच खात होते."

"खात हुतीस की. तुज्यात रगत कमी म्हनून तुला दोन फोडी जास्त."

फोन ठेवल्यावरही राजेश्वरी तिथेच उभी होती. सोमवार. आई सोमवारी पाण्यावाचून काही घ्यायची नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना राजेश्वरीने तिला पाटीवर आकृती काढून समजावलं होतं, उपाशी राहिल्याने शरीरात काय काय होतं, साखर कशी उतरते. आई भाकरीचं पीठ मळत ऐकत होती आणि शेवटी म्हणाली होती, "बरं. पन सोमवार न्हाई सुटायचा." अडाणीपणा, असं तिने तेव्हा मनात म्हटलं होतं, बहुधा तोंडानेही. आणि ती सांडशी. पळ्यांवर एवढा पहारा, तो का, ते आता कळत होतं. आईच्या हातून घडायचं ते एका पळीचंच घडावं, एका ठरलेल्या वेळी, तिच्याच हाताने. दुसऱ्या कुणाच्या हातून चुकूनही होऊ नये. दहाव्या वर्षाच्या आधी लहान पातेल्याला कसली चव होती, हे तिने आठवून पाहिलं. आठवेना. जी चव ती अण्णांची आणि आपली म्हणून सांभाळत आली, ती पहिल्यापासून मोठ्या पातेल्यातून येत होती, चुलीकडे तोंड करून बसलेल्या बाईकडून.

घरी आली तेव्हा अण्णा पुढच्या खोलीत कॉटवर बसून चष्म्याची काडी दोऱ्याने बांधत होते. "राजे, आज काय?"

"बटाटा."

"परत?"

"परत."

"त्या बटाट्याची एकदा लॅबमदीच तपासनी करून टाक. काय निघंल ती निघंल."

ती हसली. तिने बटाटे धुतले, सालासकट उभ्या फोडी केल्या, कांदा जाळीवर ठेवला. खिडकीतून प्रोफेसर कॉलनीकडच्या रिक्षांचा आवाज येत होता. वाटण तेलात पडलं, कडेने तेल सुटलं, येसूर घातला, उकळीला आलेलं पाणी ओतलं, फोडी सोडल्या. ओट्यावर दोन्ही गोष्टी जवळजवळ होत्या. झाकण ठेवलेलं लहान पातेलं आणि तमन्नाचा स्टीलचा डबा. डबा उघडल्यावर वरची थिजलेली चरबी चकाकली. तिने तो गरम पाण्यात बसवला, लाल दोऱ्याची पळी घेतली, आणि सवयीने हिशेब केला. पळीत साठ मिली. साठ मिली रश्शात प्रथिनं असून असून किती, ग्रॅम, दीड ग्रॅम. औषध म्हणून हे काहीच नव्हे. टीबी गोळ्यांनी बरा झाला. पण त्या दीड ग्रॅमच्या मागून तीन भाकऱ्या पोटात गेल्या, त्यांच्याबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, आणि चौदा-पंधरा वर्षं. सत्तेचाळीस दोनशे. आज ओतली तर महिन्यात पन्नास होतील, तिला जवळपास खात्री होती. कुणाला कळणार नव्हतं. अण्णांना तर नाहीच. घरभर तोच वास आधीपासून भरला होता, तसाच तो आईच्या वेळीही भरलेला असे.

पळी डब्यात बुडली, भरली, वर आली. एक बटाट्याची फोड तिच्यात अडकून आली होती. राजेश्वरीच्या मनात आलं, आईने पहिल्यांदा हे केलं तेव्हा ती क्षणभर तरी अडली असेल का. मग वाटलं, नसेल; समोर सापळा बसला होता. आईने केलं ते केलं, आणि दर सोमवारी त्याची भरपाई केली. आपण काय करणार? आपला सोमवार कुठला? आपण वहीत लिहू, चाचणी बारावी, यशस्वी. तिला तमन्नाचं वाक्य आठवलं, घास तोंडात असताना म्हटलेलं, आणि सकाळी हात धुऊन भरलेला तो लहान डबा. मग अण्णांचा हात आठवला, आठव्या वर्षी डोक्यावर पडलेला. सांगून टाकावं, हाही विचार आला. पण सांगायचं तर काय सांगायचं? की तुमची माळ तुमच्या बायकोने सोळा वर्षं रविवारी रविवारी बाटवली? ते तिला सांगायचं असतं तर तिने सांगितलं असतं. ज्याची किंमत तिने एकटीने भरली, ते आपण एका संध्याकाळी उघडं करून टाकायचा आपल्याला काय हक्क.

तिने पळी डब्यातच उलटी केली. मग ती नळाखाली धरली, राखेने घासावी तशी दोनदा घासली, पुसली, आणि तिने लहान पातेलं ढवळलं.

साडेसातला पानं मांडली. अण्णांच्या ताटात भाकरी, कालवण, कांदा, मीठ. त्यांनी फोड अंगठ्याने दाबली, रश्शात कालवली, घास घेतला. राजेश्वरी बघत होती, दर वेळी बघायची तशीच. तिसऱ्या घासाला त्यांचा हात मंदावला.

"आज जमलं का तुझ्या मनासारखं?" त्यांनी विचारलं.

"नाही अण्णा." ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून शांत निघाला. "आईसारखं नाही जमायचं. आई ह्यात एक गोष्ट घालायची. ती मला आज कळली. पण मी नाही घातली."

अण्णा ताटाकडे बघत राहिले. हा माणूस दवाखान्यात प्रत्येक गोळी हातात घेऊन विचारायचा, ही कशाची, ती कशाची, हिच्यात काय असतं, नर्स वैतागायच्या. काट्यावर असताना म्हणे वजनाचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाची चिठ्ठी फाडत नसत. त्यांनी फोड बोटाने उलटी केली, सालाची बाजू वर आली. डाव्या हाताने त्यांनी गळ्यातली माळ नीट केली. ती नीटच होती.

"नको घालू," ते म्हणाले.

काय घालायची, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि सावकाश, काम उरकावं तसं चावून खाल्ला. मग दुसरा. पाण्याचा तांब्या त्यांच्या उजव्या हाताशी होता. त्यांनी तो जवळ ओढला नाही.

राजेश्वरी उठली. आत जाऊन तिने तमन्नाचा डबा आणला, आपलं ताट घेतलं आणि ती पहिल्यांदाच अण्णांच्या शेजारी न बसता समोर बसली. डब्यातला रस्सा तिने आपल्या ताटात ओतला. दोन बटाट्याच्या फोडी, एक हाडाचा तुकडा.

"कुठलं ते?"

"तमन्नाच्या घरचं. मटण."

"हं," अण्णा म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. कांद्याची बशी मात्र बोटांनी हळूहळू जमिनीवरून ढकलत तिच्या ताटापर्यंत नेली. "कांदा घे त्याच्यासंगं. तुझी आई नुसतं कधी खायची न्हाई."